पौर्वात्य व पाश्चात्य तत्त्वज्ञान : एका वाक्याची दुरुस्ती

शिक्षकानें सेवानिवृत्त झाल्यावर दोन वस्तु जपून ठेवूं नयेत, असें आमचे वडील बंधु नेहमी म्हणतात : एक जुनी छत्री आणि दुसरीं जुनीं टिपणें. छत्री गळते आणि टिपणें खोटीं ठरतात. छत्रीचा अनुभव आम्हांस दर पावसाळ्यांत येतच होता. टिपणांचा अनुभव गेल्या महिन्यांत आला, आणि तोही आमच्याच घरांत, आमच्याच नातीच्या मुखानें आला. त्या प्रसंगाची हकीकत आणि तिच्या निमित्तानें केलेला थोडा विचार सुज्ञ वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमची नात पुण्यास कॉलेजांत शिकते. पुढील वर्षीं तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घ्यावा असा तिचा मानस आहे. ही गोष्ट तिनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सांगितली मात्र, आणि घरांत तत्काळ दोन पक्ष झाले. आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, ते म्हणाले, "आपल्या घरचीं सहा दर्शनें असतांना परक्यांच्या उंबरठ्यावर जाऊन बसण्याचें कारण काय?" त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा पुतण्या, मगरपट्ट्याच्या बाजूस संगणकाच्या एका कचेरींत आहे. तो म्हणाला, "बाबा, घरचें काय आणि परकें काय, दोन्ही शब्दांचाच खेळ! बुद्धि चालवायची असेल तर तिनें एखादें शास्त्र शिकावें." अशा रीतीनें, एरव्हीं एकमेकांशीं कधींही एकमत न होणारे हे पितापुत्र, मुलीनें तत्त्वज्ञान शिकूं नये एवढ्या एका मुद्द्यावर मात्र एक झाले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. नातीनें आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही नेहमीप्रमाणें कालव्याच्या बाजूनें फिरून परत आलों, तों नात ओट्यावर एक पिवळी पडलेली वही घेऊन बसलेली दिसली. ती वही तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या चिरंजीवांची होती. तो आमच्याच वर्गांत संस्कृत शिकला. दर्शनांचा परिचय करून देतांना आम्ही मुलांस एक वाक्य लिहून देत असूं, आणि वर्षानुवर्षें तें तसेंच लिहून देत आलों : पौर्वात्य तत्त्वज्ञान आत्मनिष्ठ व श्रद्धामूलक आहे, पाश्चात्य तत्त्वज्ञान जडनिष्ठ व बुद्धिमूलक आहे. वाक्य तोलदार आहे, पाठ होण्यास सोपें आहे, आणि परीक्षेंत त्यास पूर्ण गुण मिळत असत. पुतण्यानें आदल्या रात्रीं हेंच वाक्य नातीला ऐकविलें होतें. "तुझे आजोबाच सांगत आले कीं बुद्धि तिकडची आणि श्रद्धा इकडची," असा त्याचा युक्तिवाद होता.

नात म्हणाली, "आजोबा, एक विचारूं कां? मग चार्वाक पाश्चात्य होता काय?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत, मागून दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलानें आम्हांस नेमका हाच प्रश्न केला होता. तेव्हां तास संपावयास थोडाच अवकाश होता, अभ्यासक्रम मागें पडला होता, आणि खरें सांगावयाचें तर उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. "खालीं बस. परीक्षेंत असलें विचारीत नाहींत," असें आम्हीं म्हटलें. मुलें हंसलीं. तो खालीं बसला, आणि वर्षअखेरपर्यंत त्यानें पुन्हा एकही प्रश्न विचारला नाहीं. त्याचा तो उतरलेला चेहरा आम्हीं विसरलों होतों. नातीच्या प्रश्नानें तो पुन्हा डोळ्यांपुढें आला. म्हणून त्या मुलास जें उत्तर द्यावयाचें राहिलें, तें येथें सविस्तर देतों.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'फिलॉसफी' हा मूळचा ग्रीक शब्द असून ज्ञानाविषयींची प्रीति असा त्याचा अर्थ आहे. आपल्या 'दर्शन' शब्दाच्या मुळाशीं दृश् म्हणजे पाहणें हा धातु आहे. एवढ्या व्युत्पत्तीवरून कित्येक विद्वान् असा इमला रचतात कीं, ते लोक केवळ प्रीति करीत बसले आणि आपण प्रत्यक्ष पाहून मोकळे झालों. व्युत्पत्ति हें प्रमाण नव्हे. आपल्याकडेही या विद्येस आणखी एक जुनें नांव आहे, तें म्हणजे आन्वीक्षिकी. कौटिल्यानें चार विद्या सांगितल्या, त्यांत वेदत्रयी, वार्ता आणि दंडनीति यांच्याबरोबर आन्वीक्षिकीस स्वतंत्र स्थान दिलें. आणि तिच्या पोटांत सांख्य, योग व लोकायत हीं तीन घातलीं. लोकायत म्हणजेच चार्वाकाचा मार्ग. ज्या विद्येच्या पहिल्याच गणनेंत चार्वाक आहे, ती निव्वळ श्रद्धामूलक आहे असें म्हणणारा शिक्षक कौटिल्याच्या वर्गांत नापास झाला असता.

आतां या विद्येच्या शाखा पाहूं. पूर्वेस व पश्चिमेस ग्रंथांचीं नांवें निराळीं, तरी मनुष्यास पडणारे मूळ प्रश्न फार थोडे आहेत, आणि त्या प्रश्नांवरूनच शाखा पडल्या आहेत.

पहिला प्रश्न : आपणांस कळतें तें कशानें कळतें? या शाखेस प्रमाणमीमांसा किंवा ज्ञानमीमांसा म्हणतात. दादांस ताप आहे हें कपाळास हात लावून कळलें, तर तें प्रत्यक्ष. ते सकाळीं फिरावयास गेले नाहींत यावरून ताडलें, तर तें अनुमान. डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून मानलें, तर तें शब्दप्रमाण. यांतील किती साधनें ग्राह्य धरावयाचीं याविषयीं आपल्या दर्शनांत जितकें रण माजलें, तितकें क्वचितच दुसऱ्या कशाविषयीं माजलें असेल. चार्वाक एकटें प्रत्यक्षच मानतो. बौद्ध व वैशेषिक दोन प्रमाणें मानतात, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पांच, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती सहा. देवदत्त दिवसा जेवीत नाहीं आणि तरी लठ्ठ होत आहे, तेव्हां तो रात्रीं जेवीत असला पाहिजे, ही अर्थापत्ति म्हणजे पांचवें प्रमाण. कोनाड्यांत चष्मा नाहीं हें कळतें तें कशानें? डोळ्यांस तर नुसता कोनाडा दिसतो; 'नाहीं' हें कांहीं दिसत नाहीं. त्यासाठीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण. आमच्या वयाच्या मनुष्यास या सहाव्या प्रमाणाचा अनुभव दिवसांतून चार वेळां येतो.

पश्चिमेस सतराव्या शतकांत हाच कलह निराळ्या रूपानें पेटला. देकार्त (1596–1650) यानें सर्व गोष्टींविषयीं संशय घेऊन पाहिला, आणि संशय घेणारा कोणी तरी आहे याविषयीं मात्र संशय घेतां येत नाहीं, या स्थिर बिंदूवर तो उभा राहिला. तो, स्पिनोझा व लायब्निट्स हे बुद्धीस प्राधान्य देणारे. लॉक, बर्कले व ह्यूम हे अनुभवास प्राधान्य देणारे. कार्यकारणसंबंध आपण कधींही डोळ्यांनीं पाहत नाहीं, एकामागून एक गोष्ट घडलेली तेवढी पाहतों, हें ह्यूमनें (1711–1776) दाखविलें. त्या धक्क्यानें कांट जागा झाला, आणि 1781 सालीं त्यानें शुद्ध बुद्धीची परीक्षा करणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून दोन्ही पक्षांचा मेळ घालण्याचा यत्न केला. ज्ञानाची सामग्री अनुभव देतो, परंतु तिचा सांचा बुद्धीचा असतो, असें त्याच्या मताचें सार सांगतां येईल.

आतां गंमत पाहा. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि ही व्याप्ति सर्व काळ, सर्व देश पाहिल्याशिवाय निश्चित कशी म्हणतां येईल, असा ह्यूमच्या जातीचा आक्षेप चार्वाकानें कित्येक शतकें आधीं घेतला होता. इतकेंच नव्हे, तर जयराशिभट्ट नांवाच्या पंडितानें 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथांत प्रत्यक्षासह सर्वच प्रमाणें मोडून काढलीं. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत 1940 सालीं छापून प्रसिद्ध झाला. म्हणजे बुद्धीचा वापर आपण कमी केला असें नाहीं. ज्यांनीं तो केला त्यांचे ग्रंथ आपण बासनांत बांधून ठेवले, असें म्हणणें सत्यास अधिक धरून होईल.

दुसरा प्रश्न : खरोखर आहे तें काय? या शाखेस सत्तामीमांसा म्हणतात. जग एका तत्त्वाचें कीं दोहोंचें कीं अनेकांचें? वेदान्त्यांपैकीं अद्वैती एकच ब्रह्म मानतात. स्पिनोझाही एकच द्रव्य मानतो. सांख्य प्रकृति व पुरुष हीं दोन मानतात. देकार्तही मन व जड हीं दोन मानतो, जरी त्याचें मन आणि सांख्यांचा पुरुष हीं एक नव्हेत. वैशेषिक द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय असे सहा पदार्थ मोजतात, पुढें त्यांस अभाव हा सातवा मिळाला. अ‍ॅरिस्टॉटलनें दहा मोजले. कणाद परमाणु मानतो, ग्रीसमध्यें डिमॉक्रिटस परमाणु मानतो. सर्व कांहीं क्षणोक्षणीं बदलतें असें बौद्ध म्हणतात. नदीच्या दृष्टान्तानें प्रसिद्ध झालेला हेराक्लायटस त्याच वाटेनें जातो. आणि ईश्वर? लोकांची समजूत अशी कीं, आपलीं सारीं दर्शनें ईश्वरवादी. वस्तुतः सांख्यकारिकेंत ईश्वरास काम दिलेलें नाहीं. वेदांचे कट्टर कैवारी जे मीमांसक, त्यांतील कुमारिलभट्टानें जगत्कर्त्या ईश्वराचें खंडन केलें. जैन व बौद्ध तर जगत्कर्ता मानीतच नाहींत. उलट बुद्धिवादी म्हणून आपण ज्या युरोपचें नांव घेतों, तेथें ऑगस्टीनपासून टॉमस अ‍ॅक्वायनसपर्यंत (1225–1274) शेंकडों वर्षें तत्त्वज्ञान देवविद्येच्या ओसरीवर नांदत होतें. आणि त्याही पूर्वीं प्लोटायनस एकमेवाद्वितीय तत्त्वाविषयीं जें लिहून गेला, तें आमच्या जुन्या वाक्याच्या कोणत्या खणांत बसवावयाचें?

तिसरा प्रश्न : विचार बरोबर चालला आहे कीं चुकला, हें कसें ओळखावें? हें तर्कशास्त्र. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुमानास तीन अवयव. गौतमाच्या न्यायास पांच : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे, कारण धूर दिसतो. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हा डोंगर तसाच आहे. म्हणून येथें अग्नि आहे. वर्गांत हा दृष्टान्त आम्हीं हजार वेळां दिला असेल. परवां नातीला तो सांगूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, आपल्या स्वयंपाकघरांत मीं धूर कधीं पाहिलाच नाहीं." खरेंच होतें. गॅस येऊन कित्येक वर्षें झालीं; चुलीच्या धुरानें डोळे पुसणारी पिढी निघून गेली. पण तिच्या त्या बोलण्यांतूनच तर्काचा खरा धडा निघाला. धूर असेल तेथें अग्नि असतो. परंतु अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं. प्राचीन नैयायिक याकरितां तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देत. आतां गॅसच्या शेगडीचा द्यावा. आणि पौषांत पहांटे कालव्यावर जें धुकें तरंगतें, त्यास धूर समजून कोणी अग्निशामक दलास हांक मारली, तर तेथें हेतुच असिद्ध, म्हणून तो हेत्वाभास. पांच अवयवांतील उदाहरणाचें महत्त्व हें कीं, तें केवळ शब्दांवर न विसंबतां विचारास अनुभवाच्या खुंटीस बांधून ठेवतें. पुढें मिथिलेच्या गंगेशोपाध्यायानें 'तत्त्वचिन्तामणि' लिहून नव्यन्यायाचा पाया घातला, आणि त्याची भाषा इतकी काटेकोर झाली कीं, एकेका शब्दाच्या व्यावर्तनावर पंडितांच्या रात्री जात. पश्चिमेस जॉर्ज बूल यानें 1854 च्या आपल्या ग्रंथांत तर्कास बीजगणिताचें रूप दिलें. त्या बीजगणितावर आजचे संगणक चालतात. तत्त्वज्ञान हा शब्दांचा खेळ आहे असें म्हणणाऱ्या आमच्या पुतण्याचा महिन्याचा पगार याच खेळांतून येतो, हें आम्हीं त्याच्या कानावर घातलें आहे.

चौथा प्रश्न : कसें वागावें? ही नीतिमीमांसा. या प्रश्नापायींच सॉक्रेटिसानें ख्रिस्तपूर्व 399 मध्यें विषाचा पेला घेतला. अ‍ॅरिस्टॉटलच्या मतें सद्गुण दोन अतिरेकांच्या मध्यें असतो. कांट फलाकडे न पाहतां कर्तव्यबुद्धीकडे पाहतो. मिल पुष्कळांच्या सुखाकडे पाहतो. आपल्याकडे मीमांसकांचा विधिविचार, बुद्धाचा करुणेचा मार्ग, आणि गीतेचा निष्काम कर्माचा मार्ग. 'पौर्वात्य' म्हणतांना आपण बहुधा हिमालयाच्या अलीकडेच थांबतों. पण चीनमध्यें कन्फ्यूशियसनें पितापुत्र, राजाप्रजा, बंधुबंधु यांच्या नात्यांवर जें नीतिशास्त्र उभारलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांनीं अवश्य पाहावें. आणि त्या शिस्तीचा कंटाळा येईल तेव्हां सहजवृत्तीनें असावें असें सांगणाऱ्या लाओत्सेकडे वळावें.

पांचवा प्रश्न : सुंदर तें काय? ही सौंदर्यमीमांसा. भरताचें नाट्यशास्त्र व त्यावरील अभिनवगुप्ताचा रसविचार एकीकडे. अ‍ॅरिस्टॉटलचा काव्यविचार व कांटचा 1790 चा तिसरा परीक्षाग्रंथ दुसरीकडे. या शाखेंत मराठीनेंही स्वतःची भर घातली आहे : मर्ढेकरांचें सौंदर्यविषयक लेखन आणि रा. भा. पाटणकरांचा 1974 सालचा 'सौंदर्यमीमांसा' हा ग्रंथ जिज्ञासूंनीं पाहावा.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल, मग पूर्व आणि पश्चिम यांत भेद मुळींच नाहीं काय? आहे, पण तो आमच्या वाक्यांत सांगितला तेथें नाहीं. एक भेद प्रयोजनाचा. आपलीं बहुतेक दर्शनें दुःखनिवृत्ति किंवा मोक्ष हें फळ आरंभींच सांगून विचारास प्रारंभ करतात. अर्वाचीन युरोपांत ज्ञान हेंच ज्ञानाचें फळ मानण्याकडे कल अधिक. परंतु ग्रीस व रोममधील स्टोइक आणि एपिक्यूरस यांचे अनुयायी तत्त्वज्ञानास चित्ताचें औषधच मानीत, हें विसरूं नये. दुसरा भेद ग्रंथपद्धतीचा. आपला पंडित नवें मत मांडतो तेंही जुन्या सूत्रावरील भाष्य म्हणून, आणि त्याआधीं पूर्वपक्ष इतका सबळ मांडतो कीं, कधीं कधीं वाचकास तोच पटावा. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभ चार्वाकापासून होतो तो याच रीतीस धरून. युरोपांतील अर्वाचीन तत्त्वज्ञ बहुधा मागील सर्वजण चुकले असें म्हणून नव्यानें पायाभरणी करतो. तिसरा भेद असा कीं, सतराव्या शतकापासून तेथील तत्त्वज्ञान वाढत्या सृष्टिशास्त्राच्या शेजारीं राहिलें, त्याच्याशीं भांडलें, त्याच्याकडून शिकलें. आपल्या दर्शनांस तो शेजार फार उशीरां लाभला. हे भेद खरे आहेत, इतिहासानें घडविलेले आहेत. ते रक्तांतील नाहींत.

दोहोंमधील वाटही आपण समजतों तितकी नवी नाहीं. दारा शुकोहनें 1657 सालीं उपनिषदांचें फारसी भाषांतर करविलें. त्यावरून द्यूपेराँ या फ्रेंच पंडितानें केलेलें लॅटिन भाषांतर 1801–02 मध्यें छापलें गेलें. आणि तें वाचून शोपेनहौअरसारखा जर्मन तत्त्वज्ञ उपनिषदांचा भक्त झाला. संस्कृत, फारसी, लॅटिन, जर्मन अशा चार उंबरठ्यांवरून विचार चालत गेला, आणि कोणत्याही उंबरठ्यावर तो बाटला नाहीं.

आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर या दोन विद्या एका घरांत नांदविण्याचा उद्योग येथें मोठ्या निष्ठेनें झाला आहे, आणि हेंच आम्हांस दादांस मुख्यतः सांगावयाचें होतें. ज्या लोकमान्यांचें नांव दादा दिवसांतून दोनदां घेतात, त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत 1910–11 च्या हिंवाळ्यांत गीतारहस्य लिहिलें. तें 1915 सालीं प्रसिद्ध झालें. त्या ग्रंथांत कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांचीं मतें पानोपानीं येतात. टिळकांनीं त्यांतील कांहीं खोडलीं, कांहीं स्वीकारलीं, पण अगोदर तीं वाचलीं. आगरकरांनींही मिल व स्पेन्सर वाचले आणि ते निराळ्या निर्णयास पोंचले. म्हणजे तींच पुस्तकें वाचून दोन मित्र दोन दिशांस गेले. पुस्तक परकें म्हणून वाचणारा परका होत नाहीं, याचा याहून चांगला दाखला कोणता? गुरुदेव रा. द. रानडे (1886–1957) यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकविलें. ते ग्रीक तत्त्वज्ञांवर अधिकारानें लिहीत, आणि 1926 सालीं उपनिषदांवरील त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. हेराक्लायटस व याज्ञवल्क्य हे त्यांच्या अभ्यासिकेंत एकाच फळीवर बसले.

खानदेशांत अमळनेर येथें श्रीमंत प्रताप शेठजींच्या औदार्यानें 1916 सालीं तत्त्वज्ञानमंदिर स्थापन झालें. गिरणीच्या गांवीं, कोणत्याही राजधानीपासून दूर, बंगाल्यांतून कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे आचार्य येऊन राहिले. वेदान्त व कांट यांचा तेथें शेजारीं शेजारीं अभ्यास झाला. साने गुरुजी अमळनेरास गेले ते प्रथम या मंदिरांत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठींच. प्रताप हायस्कुलांतील त्यांची शिक्षकी त्यानंतरची. आमच्या हडपसरांत त्यांच्या नांवाचें रुग्णालय आहे; तेथें जातांयेतां हजारों लोक तें नांव वाचतात, पण त्या मातृहृदयी पुरुषानें तत्त्वज्ञानाचे पाठ घेतले होते हें थोड्यांसच ठाऊक असतें.

आणखी एक प्रसंग पुण्यांतलाच आहे. 1983 सालीं दयाकृष्ण व मे. पुं. रेगे यांच्या पुढाकारानें पुण्यांत एक परिषद भरली. एका बाजूस न्याय, मीमांसा इत्यादि शास्त्रें परंपरेनें शिकलेले पंडित, दुसऱ्या बाजूस विद्यापीठांतून पाश्चात्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक. चर्चेस विषय घेतला तो इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा विधानविषयक सिद्धान्त. रसेलचें मत संस्कृतांत उतरवून पंडितांपुढें ठेवलें, आणि पंडितांनीं त्याचा आपल्या पद्धतीनें, अवच्छेदक व विषयता यांच्या परिभाषेंत, समाचार घेतला. पंडितांस इंग्रजी येत नाहीं म्हणून ज्यांस आपण आधुनिक विचारास अपात्र समजत होतों, त्यांनीं आधुनिक विचाराच्या शिरोमणीस बरोबरीनें प्रश्न विचारले. या वादाचा ग्रंथही पुढें 'संवाद' या नांवानें निघाला. संस्कृताच्या एका साध्या शिक्षकास हें वाचून काय वाटलें असेल, याची वाचकांनीं कल्पना करावी. आम्ही ज्या पुण्याच्या वेशीवर राहतों, त्याच पुण्यांत हें घडलें. आणि आम्ही मात्र वर्गांत तेंच जुनें वाक्य सांगत होतों.

त्या वाक्याचा दोष केवळ चुकीचें असणें हा नव्हे. त्यानें दोन्हीकडून हानि केली. श्रद्धा आपली व बुद्धि त्यांची, असें एकदां मनांत ठसलें कीं, भाविक मुलगा प्रश्न विचारण्यास पाप समजूं लागतो, आणि चौकस मुलगा आपल्या घरच्या विद्येस टाकाऊ समजूं लागतो. दादा आणि त्यांचे चिरंजीव हे दोघेही, पाहूं गेल्यास, आमच्या त्या एकाच वाक्याचे विद्यार्थी आहेत. एकानें त्याचा पूर्वार्ध उचलला, दुसऱ्यानें उत्तरार्ध.

रविवारीं चहाच्या वेळीं आम्हीं हें सर्व दादांपुढें, पुतण्यापुढें व नातीपुढें क्रमानें मांडलें. दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "गीतारहस्यांत तीं इंग्रजी नांवें येतात, तीं मी गाळून वाचीत आलों." एवढें म्हणून ते उठले, आंतून आपली जुनी प्रत घेऊन आले, आणि नातीपुढें ठेवून म्हणाले, "हा ग्रीन कोण, तें वाचून मला सांग." पुतण्यास ही परवानगी वाटली नाहीं, पण सूनबाईंनीं ती बरोबर ओळखली. पुतण्या अद्याप शंकित आहे. तें योग्यच आहे. शंका ही या विद्येची पहिली पायरी असल्यानें तो आपणहून तिच्यावर येऊन बसला, असें आम्ही समजतों.

ज्या घरांत कोणी मुलगा वा मुलगी या विषयाकडे वळूं पाहत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. पोटापाण्याचा प्रश्न खरा आहे, तो मोकळेपणानें बोलावा. परंतु 'हें आपलें नव्हे' किंवा 'हें निरुपयोगी आहे' असें सांगून मार्ग अडवूं नये. आरंभ मराठींतूनही करतां येतो. दे. द. वाडेकरांनीं संपादिलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश 1974 पासून उपलब्ध आहे. एखादा शब्द अडला तर त्यांत पूर्वपश्चिम दोन्हींचा अर्थ सांपडतो. दिवसास एक नोंद, जेवणानंतर, एकानें मोठ्यानें वाचावी आणि इतरांनीं आक्षेप घ्यावे. आक्षेप मुलांनीं आधीं घ्यावे, वडिलांनीं मागाहून.

आम्हीं त्या पिवळ्या वहींतील तें वाक्य नातीसमक्ष एक रेघ मारून खोडलें. शेजारीं नवें वाक्य लिहिण्याचा मोह झाला होता. पण नव्या वाक्याचेंही पुढें तसेंच पाठांतर होईल, या भयानें जागा कोरी ठेवली.

राहिला तो मागून दुसऱ्या बाकावरचा मुलगा. त्याचें नांव आम्हांस आठवत आहे, तें येथें लिहिणें योग्य नव्हे. आतां तो पन्नाशीच्या घरांत असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असेल व हा लेख त्याच्या दृष्टीस पडला असेल, तर त्यास कळावें कीं, चार्वाक पाश्चात्य नव्हता, तुझा प्रश्न बरोबर होता, आणि चूक आमची होती.